‘फेरल’ मांजराला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: बेटांवरच्या पक्ष्यांविषयीचा लेख मराठीत आणतेय. ‘फेरल’पाशी अडले, म्हणजे पाळीव जातीचा पण माणसापासून सुटून रानात वाढलेला प्राणी. ‘रानमांजर’ लिहिलं तर संपादकांनी खोडलं, ‘भटकं’ मला पटत नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या मरिअन बेटावर १९४९ साली उंदरांच्या बंदोबस्तासाठी ५ मांजरं नेली. १९७७पर्यंत त्यांची ३,४००च्या आसपास झाली, वर्षाला सुमारे ४.५ लाख पक्षी मारू लागली. ही भटकी?

पाणकावळा: संपादकांचं बरोबर आहे. रानमांजर ही जातच वेगळी; जुनी माणसं तिला बाऊल म्हणतात. लांब पाय, आखूड शेपूट, कानाच्या टोकाला काळे केस. ‘रानमांजरं हटवा’ असं छापलंत तर जीव जाईल बाऊलाचा.

अनामिका: ‘मोकाट’ घ्या की.

शब्दवेडी: मोकाट गुरांना मालक असतो हो. या मांजरांना पिढ्यान्‌पिढ्या मालकच नाही.

तत्सम: ‘पुनर्वन्य’. नेमका आहे.

आजीचा नातू: नेमका असेल, पण त्यातून मांजर डोळ्यांपुढे येत नाही. आमची आजी ‘रानावलेलं’ म्हणायची. माणसाळलेलं, त्याच्या उलट रानावलेलं.

तत्सम: असा शब्द मी ऐकलेला नाही. ‘रानवट’ असेल.

आजीचा नातू: तुम्ही ऐकला नाहीत म्हणून आजी चुकली का?

मनीची आई: मी रोज सहा मांजरांना खाऊ घालते. सगळ्यांच्या कानाचं टोक कापलेलं आहे, नसबंदीची खूण म्हणून. त्यांना ‘रानटी’ ठरवलंत की उद्या कुणीतरी विष ठेवेल. शब्द जपून वापरा.

पाणकावळा: विष नकोच. पण पोटभर जेवलेल्या मांजराने बुलबुलाचं पिल्लू धरलेलं मी पाहिलंय. खाल्लंही नाही, पायरीवर टाकून गेलं. पंख अजून हलत होता. ‘बिचारी भटकी’ म्हटलं की हे दिसेनासं होतं.

मनीची आई: ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावरची मांजरं २०००पर्यंत संपवली, मग सशांनी हिरवळ फस्त केली. ते?

पाणकावळा: पुढे ससे आणि उंदीरही काढले. २०१४ला बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं, झाडोरा परत येतोय.

तत्सम: मुळात मांजर आलं ‘मार्जार’वरून, धातू ‘मृज्’, म्हणजे पुसणं. अंग चाटूनपुसून ठेवणारा प्राणी.

आजीचा नातू: मग बोका आणि भाटी असताना ‘ते मांजर’ नपुंसकलिंगी कसं?

शब्दवेडी: भाटी! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आणखी कुणाकडे बोलतात?

मनीची आई: आमच्याकडे सर्रास. फक्त व्यालेल्या मांजरीलाच म्हणतात पण.

आजीचा नातू: छे, कुठल्याही मादीला.