पुन: गणपती मेळा, मेंदीचा स्टॉल, आणि पत्रकावरचा हात

प्रेषक: कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,
यंदा मेळ्यात ‘पारंपरिक बेळगावी मेंदी’ असा स्टॉल लावतोय. एका हाताला १० डॉलर, जमा मराठी शाळेच्या निधीत. पत्रक जोडलंय. मेंदी काढणाऱ्या स्वयंसेविका हव्यात, आणि कोन कुठून आणायचे तेही सुचवा.

प्रेषक: शहापूरची

पत्रकावरचा हात माझ्या भाचीचा आहे. फोटो मीच काढला, मे महिन्यात, तिच्या हळदीच्या आदल्या रात्री. आपल्या ग्रुपवर टाकला तोही मीच, तेव्हा पहिली चूक माझ्याच पदरात.

ही मेंदी काढली बेळगावच्या वडगावातल्या एका बाईनं. घरी यंत्रमाग आहेत. लग्नसराईत ती मेंदीच्या ऑर्डरी घेते. दोन हात, दोन पाय, मान वर न करता सहा तास. मनगटाशी वेल संपते तिथं ती नाव घालत नाही, मागावर आडवा धागा नेणारा धोटा असतो ना, तो बारीकसा काढते. ती तिची सही. पत्रकावर नेमकं त्याच जागी मंडळाचं बोधचिन्ह बसलंय.

आणि ‘पारंपरिक बेळगावी’ म्हणजे काय हो? आमच्या लहानपणी पंचमीला झाडाचा पाला ओरबाडून आणायचा, काथ घालून पाट्यावर वाटायचा. बोटांना टोप्या, तळहातावर चंद्र, वर फडकं बांधून झोपायचं. शेजारच्या कन्नड काकू गोरंटी म्हणायच्या, आम्ही मेंदी, पाटा एकच. तो चंद्र सगळ्यांचा, खुशाल विका. ही जाळी आणि मोर मात्र परंपरेनं नाही काढलेत. त्या बाईनं राजस्थानी, अरबी सगळं बघून स्वतःचा हात बसवलाय.

प्रेषक: अथणीकर काका

ताई, राग मानू नका, पण मेंदीवर कसला आलाय हक्क? दोन आठवड्यांत पुसट होणारी वस्तू. उद्या रांगोळीचीही पावती फाडाल. शिवाय पैसे शाळेलाच जाणार, कुणाच्या खिशात नाही.

प्रेषक: शहापूरची

काका, जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा याच लिस्टवर सगळ्यात लांब पत्र तुमचं होतं. ‘आपल्या अथणीत चपला बनवणाऱ्या कारागिराचं नाव कुठाय?’ मला तुमचं पटलं होतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, त्यात आपलं बेळगाव. म्हणून भांडायला निदान कागद तरी होता. मेंदीत राजस्थानातल्या सोजतच्या पाल्याला २०२१ मध्ये मानांकन मिळालं. पाल्याला मिळालं, काढणाऱ्या हाताला नाही.

पैसे घेऊ नका असं मी म्हणतच नाही. ‘कला आहे, पैसे कसले’ हे ऐकूनच त्या बाईची पहिली चार वर्षं फुकट गेलीत. आणि आपणही स्वयंसेविकाच शोधतोय, बघा!

प्रेषक: एक फार्मसिस्ट सभासद

कोनांपुरतं सांगते. दहा मिनिटांत काळा रंग चढतो तो कोन नको. खरी मेंदी आधी केशरी दिसते, गडद व्हायला दोनेक दिवस लागतात. तत्काळ काळ्या रंगात बहुतेक वेळा केस रंगवण्याचं पीपीडी असतं. फोड येतात, कधी डाग कायमचे राहतात. आणखी एक, इथल्या एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याची, मान्यता मेंदीला फक्त केसांसाठी आहे, त्वचेवर लावायला नाही. मेळ्याच्या विम्याचं आधी विचारून घ्या.

प्रेषक: अथणीकर काका

चपलेचं बरोबर धरलंत. जोड्यानं मारलंत म्हणा ना. पत्रक बदला.

प्रेषक: शहापूरची

काल फोन लावला तिला. नाव घालू का विचारलं तर म्हणाली, नाव राहू दे, धोटा तेवढा दिसू दे. डिझाइनचे किती पाठवू यावर गप्पच झाली; फोटोचे पैसे मागायची सवयच नाही. मी आपलं शंभर डॉलर सुचवलंय, समितीनं बघावं. मग तिनं विचारलं, तिकडं हाताला घेतात किती? मी सांगितलं. पलीकडून मनातल्या मनात गुणाकार चाललेला ऐकू येत होता.

“मग मलाच बोलवा की ओ ताई!”

प्रेषक: कार्यकारिणी

शंभर मंजूर. नवं पत्रक जोडलंय, बोधचिन्ह वरच्या कोपऱ्यात नेलं. ‘पारंपरिक बेळगावी’ काढलंय. त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये.