एम.ए. मानसशास्त्र : शोधनिबंध वाचता येत नाहीत, मदत हवी आहे

शब्दवेल : नमस्कार. एम.ए.चे वर्ग सुरू होऊन सात आठवडे झाले आहेत आणि मी पूर्ण अडकले आहे. बी.ए.ला उत्तर पुस्तकात असायचे. इथे दर आठवड्याला दोन शोधनिबंध वाचून त्यांवर वर्गात बोलावे लागते. काल दुपारी दोनपासून रात्री साडेआठपर्यंत एकाच निबंधासमोर बसले, प्रस्तावनेतल्या प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ समासात पेन्सिलीने लिहिला आणि पुढे 'एफ (२, ८७) = ४.३१, पी < .०५' ही ओळ आली तेव्हा कागद मिटून ठेवले. शुक्रवारी याच निबंधावर माझे सादरीकरण आहे. भराभर वाचायला कसे शिकायचे, एवढेच सांगा. 'सवयीने जमेल' हे मी पुष्कळांकडून ऐकले आहे.

नीलमोहोर : ताई, बी.ए. कोणत्या माध्यमातून केले आणि मानसशास्त्र हा तुमचा विशेष विषय होता का, हे आपण लिहिलेले नाही. अडचण इंग्रजीची आहे की संख्याशास्त्राची, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

पारिजातक५ : मीही मराठी माध्यमातूनच आले, म्हणून अनुभवाने सांगते की आधी परिभाषेची वही करा. स्वाश्रयी चल, पराश्रयी चल, प्रमाण विचलन असे शब्द डावीकडे आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द उजवीकडे लिहायचे. माझ्या वहीत सत्रअखेर चारशे शब्द झाले होते आणि त्यानंतर मला शब्दकोश उघडावा लागला नाही.

तिसरा_बाक : पारिजातक५ यांच्याशी मी सहमत नाही. शब्दकोशात 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचे, पण निबंधात त्याचा अर्थ तसा नसतो. प्रत्यक्षात गटांमध्ये काहीच फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे, इतकेच ते सांगते. तुमच्या ओळीतला 'पी' म्हणजे हीच शक्यता. फरक मोठा किंवा उपयोगाचा आहे, असे त्यातून मुळीच निघत नाही. वहीत 'महत्त्वाचे' लिहून ठेवणारा विद्यार्थी सादरीकरणात हमखास चुकतो.

विचारपूस : एक गोष्ट आताच लक्षात घ्या. केवळ एम.ए. केल्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळत नाही. त्यासाठी परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पुढे करावा लागतो. माझ्या भाचीला हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळले.

शब्दवेल : नोंदणीबद्दल मी विचारलेले नाही, सध्या शुक्रवार डोक्यावर आहे. बी.ए. मराठी माध्यमातून, मानसशास्त्र विशेष विषय. संख्याशास्त्रात मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन आणि सहसंबंध एवढेच झाले होते. हे आधीच लिहायला हवे होते.

जुनी_प्रयोगशाळा : मी हा विषय बरीच वर्षे शिकवते. ज्या ओळीपाशी आपण थांबलात, तीच हाती घेऊ या. कंसातला २ म्हणजे गटांच्या संख्येतून एक वजा, अर्थात गट तीन. ८७ म्हणजे एकूण व्यक्तींतून गटांची संख्या वजा, अर्थात व्यक्ती ९०. ४.३१ हे एफचे मूल्य, म्हणजे गटागटांमधला फरक गटांच्या आतल्या फरकाच्या किती पट आहे ते. आता ४.३१ ला २ ने गुणा, ८.६२ येतील, त्यात ८७ मिळवले की ९५.६२. पहिल्याला दुसऱ्याने भागले की .०९ येते. म्हणजे गुणांमध्ये जो एकूण फरक दिसतो, त्यातला सुमारे नऊ टक्के भाग गटांशी निगडित आहे आणि उरलेला एक्क्याण्णव टक्के इतर कारणांचा आहे. शुक्रवारी वर्गात एवढे सांगितलेत, तरी सादरीकरण उभे राहील.

वाचताना आधी सारांश, मग पद्धतीचा विभाग आणि तक्ते, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी असा क्रम ठेवा. लेखकाचे म्हणणे ऐकण्याआधी त्याने कोणाला काय करायला लावले आणि काय मोजले, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ (म्हणजे वर आलेले 'सिग्निफिकंट') होते, पुनरावृत्तीत तसे केवळ ३६ टक्के निघाले. म्हणूनच एम.ए.ला निबंध पाठ करून चालत नाही, तो तपासावा लागतो.

पारिजातक५ : प्रस्तावना शेवटी वाचली, तर मुळात प्रश्न कोणता होता हे कसे कळणार? नवख्या विद्यार्थ्याला हा क्रम गोंधळात टाकेल.

जुनी_प्रयोगशाळा : प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आधी वाचावा, गृहीतके बहुधा तिथेच असतात. आपली वहीही जरूर करावी, फक्त तीत प्रतिशब्दाऐवजी व्याख्या लिहावी.

शब्दवेल : दुसऱ्या तक्त्यात तीन गट सापडले, प्रत्येकी तीस जण. बेरीज नव्वद आली तेव्हा फार बरे वाटले. तिसऱ्या गटाचे मध्यमान सर्वांत जास्त आहे. पण तो दुसऱ्या गटापेक्षा खरोखर वेगळा आहे का, हे एफवरून कळते का?

तिसरा_बाक : नाही. तिन्ही मध्यमाने सारखी आहेत असे धरता येत नाही, एवढेच एफ सांगते. दोन-दोन गटांची तुलना त्यानंतरच्या परिच्छेदात असेल. अशा तुलनेच्या पद्धतींपैकी 'ट्युकी' किंवा 'बॉनफेरोनी' हे नाव दिसते का पाहा.

शब्दवेल : 'ट्युकी' आहे. पहिला आणि तिसरा एवढीच जोडी सार्थ आहे. सारांशात मात्र तिसरा गट 'इतर दोन्ही गटांपेक्षा' सरस असल्याचे लिहिले आहे. हे शुक्रवारी वर्गात विचारते.