जन्मठेप म्हणजे १४ वर्षंच का?

बडोदेकर: काल दांडिया बाजारात चहावर वाद जुंपला. मित्र म्हणतो खून करा नि १४ वर्षांत बाहेर या, हा कसला न्याय? खरंच असं असतं का?

मांडवीची वकीलताई: नाही हो. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, सुप्रीम कोर्टाने १९६१ च्या गोपाळ गोडसे (गांधीहत्येतला जन्मठेपेचा कैदी) केसमधेच सांगितलंय. १४ चा आकडा आला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ कलमातून (आता तिच्या जागी आलेल्या नवीन कायद्यात ४७५), म्हणजे ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात १४ वर्षं भोगल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, पण १४ झाली की सोडायलाच पाहिजे असं कुठंय, लोक नेमकं उलटं धरतात.

सूरसागरकाठी: ताई, कागदावर ठीक आहे. आपल्याच गुजरातेत १५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किस बानो केसचे (२००२ च्या दंगलीतला सामूहिक बलात्कार नि खून) जन्मठेपेचे ११ कैदी सुटले, वर हार घातले! जानेवारी २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, कारण खटला मुंबईत चाललेला त्यामुळे सोडायचा अधिकार महाराष्ट्राचा. म्हणजे शिक्षा किती ते कोर्ट ठरवणार आणि भोगायची किती ते सरकार, मला तर हेच खुपतं.

बडोदेकर: बरं, मित्राला हेच दाखवतो. चहाचे पैसे त्याच्याकडेच.