कारागिरी, व्यापार आणि लिहिण्यावरची चिनी पुस्तकं: मिरग ते नवरात्र, आठ बैठकांत काय वाचावं?

केवडा (सावंतवाडी)

वाचनगट दहा जणांचा आहे. तिघे लाकडी खेळण्यांच्या कामातले, दोघे बागायतदार, एक होड्या बांधणारा, बाकी शिक्षक. मिरगापासून नवरात्रापर्यंत दर पंधरवड्याला एक बैठक. चिनी कथा-कादंबऱ्या नकोत. कारागिरी, व्यापार, लेखनकला आणि 'आपण कोण' या विषयांवर चिनी लोकांनी स्वतः लिहिलेलं हवंय. चिनी कुणालाच येत नाही. इंग्रजी अनुवाद एकाने वाचायचा आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचा, अशी पद्धत आहे. 'श्यूशी लू' नावाचा लाखकामावरचा जुना ग्रंथ आहे असं ऐकलं, त्याचा आमच्या कातकाम करणाऱ्यांना थेट उपयोग होईल का? आणि सुरुवात कुठून करावी?

चितारआळी

उपयोग होईल, पण लाखेचा ग्रंथ समजून उघडलात तर पहिल्या पानापासून चुकाल. इंग्रजीत सगळीकडे 'लॅकर' लिहितात, आणि तो शब्द मुळात आपल्या लाखेवरूनच गेलेला. घोटाळा तिथेच होतो. लाख किड्याची. चिनी 'छी' हा झाडाचा चीक.

आपली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने मऊ होऊन बसते, मग केवड्याच्या पानाने घोटली की चमक येते. छीचं काम उलटं. ती वितळवून लावत नाहीत, आणि आपण 'वाळणं' म्हणतो त्या अर्थाने ती वाळतही नाही. तिच्यातलं एक एन्झाइम हवेतला ऑक्सिजन वापरून तिला घट्ट करतं, आणि त्याला दमटपणा लागतो: २० ते ३० अंश तापमान, ७० ते ८५ टक्के आर्द्रता. म्हणून चिनी कारागीर वस्तू उन्हात न ठेवता ओलसर बंद खोलीत ठेवतो. एक हात घट्ट झाला की घासायचा, मग पुढचा. कोरीवकामासाठी असे शंभरावर हात चढतात. जुलैच्या ज्या हवेत आपल्याकडे लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी साय धरते, तीच हवा छीला मानवते. आणखी एक खूण: लाख स्पिरिटमध्ये विरघळते, घट्ट झालेली छी विरघळत नाही.

हे झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. कच्ची छी अंगाला लागली की बिब्बा उततो तशी उतते. काजूच्या टरफलाच्या तेलातले दाहक घटक तिच्या जवळच्या नात्यातले. मात्र म्हणून छीच्या जागी काजूचं तेल घेऊन ग्रंथातली कृती करू नका. ते एन्झाइम त्यात नाही, ओलसर खोलीत कितीही ठेवलंत तरी ते छीसारखं घट्ट होणार नाही.

आता ग्रंथ. लेखक ह्वांग चेंग, सोळाव्या शतकातला, स्वतः छीचं काम करणारा. १६२५ साली यांग मिंग या दुसऱ्या कारागिराने त्यावर टिपा लिहिल्या. दोन भाग, १८ प्रकरणं, १८६ छोट्या नोंदी. चीनमध्ये तो दिसेनासा झाला होता, प्रत जपानात उरली, आणि १९२७ साली चीनमध्ये पुन्हा छापला गेला. पहिल्या भागात सामानाला आकाशातली नावं दिली आहेत: सोनं म्हणजे सूर्याची झळाळी, चांदी म्हणजे चांदणं, आणि कातकामाचा लेथ म्हणजे 'आकाशाचं फिरणं'. कातारी मंडळी इथे खूश होतील.

पण खरा माल दोषांच्या प्रकरणात आहे. ६४ दोष, प्रत्येकाला नाव, आणि पुढे कारण. 'बर्फ वितळणं' म्हणजे छी पातळ आणि वस्तू वेळेवर उलटी-सुलटी न केल्याने ओघळलेली. 'अश्रूंच्या खुणा' म्हणजे ब्रश सारखा न फिरवल्याचे ओघळ. त्याआधी कारागिराच्या चार चुका येतात: मापात न बसणं, चूक दिसूनही न सुधारणं, वस्तू झाल्यावर न तपासणं, आळस. एका बैठकीला एवढंच प्रकरण घ्या.

मूळ मजकूर यंत्रानुवादात टाकलात तर एक लक्षात ठेवा. आजच्या चिनीत 'छी' म्हणजे कुठलाही रंग, त्यामुळे यंत्र 'पेंट' लिहील. चित्रांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाचा १९९१ चा पूर्व आशियाई लॅकरवरचा ग्रंथ सोबत ठेवा.

खाडीकाठ

सुरुवात श्यूशी लूने नको, जड जाईल. सुंग यिंगशिंगचं शेती आणि कारागिरीच्या रीतींवरचं 'थ्यानगोंग काइवू' (१६३७) घ्या. सुन दांपत्याचा इंग्रजी अनुवाद १९६६ चा आहे, पुढे स्वस्त आवृत्तीही निघाली. १८ प्रकरणं: धान्यापासून सुरुवात, शेवटी मोती आणि जेड. हा क्रम मुद्दाम आहे, धान्य वर आणि सोनं-रत्नं खाली. लेखक वरच्या सरकारी परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला, आणि प्रस्तावनेत साफ सांगतो की या पुस्तकाचा बढती मिळवण्याशी काडीचा संबंध नाही.

अठराही वाचू नका. किनाऱ्यावरच्या गटाला तीन पुरेत.

मीठ: समुद्र, तळं, विहीर, माती, कडा, वाळू-खडे असे सहा प्रकार. समुद्रमिठाची एक रीत आपल्या मिठागरांहून अगदी वेगळी आहे. उद्या पाऊस नाही अशी खात्री झाली की उंच जमिनीवर पेंढ्याची आणि बोरूसारख्या गवताची राख बोटभर पसरून दाबायची. सकाळच्या दवाने राखेखाली मीठ फुटतं. दुपारी राखेसकट झाडून घ्यायचं, पाण्याने निथळून ते खारं पाणी उकळायचं. आपल्याकडे ऊन फुकट म्हणून वाफे, तिथे सरपण जाळायचं. खर्च कुठे वाढतो ते बैठकीत मांडून बघा.

होड्या: फळ्यांच्या सांध्यांत तागासारखे धागे बोथट छिन्नीने ठासायचे, मग चाळलेला चुना आणि तुंग तेल कुटून केलेला गोळा भरायचा. दक्षिणेच्या किनाऱ्यावर दगडी चुन्याऐवजी कालवांच्या शिंपल्यांचा चुना. तुमच्या होडीवाल्याला हे पान आधी द्या. तुंग तेल हे स्वतः घट्ट होणारं तेल आहे. खोबरेल किंवा माशाचं तेल घालून तोच गोळा होईल असं समजू नये.

कागद: बांबू चिनी पंचांगातल्या मांगचोंग या पर्वाला तोडायचा. तारीख ५-६ जून, म्हणजे आपला मिरग लागायच्या तोंडावरच! पाच ते सात चिनी फुटांचे तुकडे, डोंगरातच खणलेल्या डबक्यात शंभरावर दिवस भिजत. डबकं आटू नये म्हणून बांबूच्या पन्हळीने सतत पाणी आणायचं. मग कुटून धुणं, चुन्याच्या निवळीत घोळणं, आठ दिवस आठ रात्री शिजवणं. भिजवण्यात घाई केली की साल नीट सुटत नाही आणि लगद्यात कूस राहते.

तागडी

व्यापारासाठी नवी 'चिनी यशाची गुपितं' छापाची पुस्तकं घेऊ नका. सिमा छ्येनच्या 'शिजी' या इतिहासग्रंथाचं १२९ वं प्रकरण घ्या, श्रीमंत झालेल्या माणसांवरचं. बर्टन वॉटसनचा अनुवाद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं लेखन, पण एका बैठकीत संपतं.

वाचताना वही जवळ ठेवा. १,००० घरांचा सरदार घरटी २०० नाणी घेतो, म्हणजे वर्षाला २ लाख. दहा लाख भांडवल २० टक्क्यांनी लावणारा व्यापारीही तेवढंच कमावतो. २० टक्क्यांखाली पडणारा धंदा सिमा छ्येन मोजतच नाही. मग यादी: १,००० मू (जमिनीचं चिनी माप) छीची झाडं, १,००० मू बांबू, माशांची तळी. शहरात वर्षाला १,००० नग छी लावलेली लाकडी भांडी विकणाराही त्याच पंगतीत. चितारआळी यांच्या ग्रंथाच्या नावात जे 'श्यू' (छी लावणं) आहे, तोच शब्द या यादीत आहे.

बाइ ग्वेइची रीत याच प्रकरणात: पीक आलं की धान्य उचलायचं आणि रेशीम-छी विकायची, रेशमाचे कोष आले की कापड उचलायचं आणि धान्य सोडायचं. सुकी मासळी पावसाळ्यासाठी भरून ठेवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

केवडा

फार उपयोगी. अनुवादात फूट, पौंड, एकर येतात ते तसेच धरायचे का? आणि जुन्या ग्रंथालयांच्या यादीत ही नावं सापडतच नाहीत.

तागडी

तसेच धरू नका. माप काळाप्रमाणे बदलतं. हान काळातला (शिजीचा काळ) चिनी फूट सुमारे २३ सेंमी, मिंग काळातला (श्यूशी लू आणि थ्यानगोंग काइवूचा काळ) ३१-३२. 'जिन' हे वजन हान काळात सुमारे २५० ग्रॅम, मिंगमध्ये ५९० च्या आसपास. म्हणजे शिजीतला एक जिन खाडीकाठ यांच्या पुस्तकातल्या जिनाच्या निम्म्याहून कमी. हानचा मोठा मू साधारण साडेचार गुंठे, आजचा साडेसहा. आधी पुस्तकाचं साल बघा, मग गुणाकार.

पाटपाणी

नावांचं कारण सोपं आहे. रोमन लिपीत चिनी लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी वेड-जाइल्स आणि नवी पिनयिन. जुनीत 'थ' दाखवायला टी अक्षरावर स्वल्पविरामासारखी खूण येते, पिनयिनमध्ये नुसता टी. पिनयिनमधला 'डी' जुनीत खुणेविना टी होतो. दोन्ही स्पेलिंगांनी शोधा, आणि आडनाव आधी येतं हे विसरू नका. नाहीतर यादीत 'यिंगशिंग' शोधत बसाल.

'आपण कोण' या विषयावर अजून कुणी लिहिलं नाही. फेइ श्याओथोंगची दोन पुस्तकं. पहिलं १९३९ चं, इंग्रजीतच लिहिलेलं, थाइहू तळ्याजवळच्या एका खेड्याचा अभ्यास: रेशमाचे भाव पडल्यावर घरोघरचं सूत काढणं कसं मोडलं आणि गावाने सहकारी गिरणी कशी काढली. व्यापाराच्या बैठकीला मी शिजीच्या आधी हे ठेवेन. शिजीत श्रीमंत झालेलेच भेटतात, इथे न झालेले भेटतात.

दुसरं १९४८ चं, छोट्या निबंधांचं, इंग्रजी अनुवाद १९९२ चा. तो म्हणतो, पाश्चात्त्य समाज पेंढ्या बांधून रचलेल्या उडवीसारखा, कोण कुठल्या पेंढीत ते पक्कं. चिनी समाज तळीत दगड टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखा. मध्यभागी आपण, आणि नातं किती लांब धरायचं ते प्रसंगावर. भावकी आणि मानपान सांभाळणाऱ्या गावात या निबंधावर एक बैठक पुरणार नाही, दोन ठेवा. एकच सावधगिरी: त्याने 'गाव' म्हटलं की चिनी गाव. जात त्यात नाही. ती तुलना गटाला स्वतः करावी लागेल.

लिहिण्यावर हवं तर लू जीचं 'वन फू' घ्या, तिसऱ्या शतकातलं. सुरुवातीलाच म्हणतो: कुऱ्हाडीचा दांडा तासायला हातात कुऱ्हाडच असते, नमुना लांब शोधायला नको. ल्यू श्येचा लिहिण्यावरचाच पन्नास प्रकरणांचा 'वनशिन द्याओलोंग' हा ग्रंथ मोठा आहे, त्याला हात लावू नका. नावातल्या 'ड्रॅगन कोरणं' या शब्दांवर मात्र कातारींना जरूर बोलतं करा.