मदत हवी आहे: छोट्या लॅपटॉपचा आतला माइक मुका झालाय

नमस्कार मंडळी, ११ इंची छोटा लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स. आतला माइक अचानक बंद पडलाय. हेडफोनचा माइक लावला की आवाज नीट जातो, म्हणजे साउंड कार्ड शाबूत असावं. म्यूट, अ‍ॅपच्या परवानग्या, इनपुटची निवड, सगळं तपासलं. स्क्रीनच्या वरचं बारीक छिद्रही मऊ ब्रशने साफ केलं.

आता खरी गंमत. रेकॉर्डिंग स्टिरिओत (डावा-उजवा असे दोन वेगळे चॅनेल) केलं तर आवाज येतो, मोनोत (दोन्ही मिसळून एकच चॅनेल) केलं की जवळजवळ शांतता! व्हिडिओ कॉलमध्येही समोरच्याला काहीच ऐकू जात नाही. दोन चॅनेल एकमेकांच्या उलट फेजमध्ये असतील, म्हणजे एकाची लहर वर जाताना दुसऱ्याची खाली जात असेल, तर मोनोत मिसळताना ते एकमेकांना खोडून काढतात, तसंच होत असावं. कारण पल्सऑडिओच्या (लिनक्सवर आवाज सांभाळणारा प्रोग्राम) व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये दोन्ही चॅनेल सारखे ठेवणारं कुलूप काढून उजवा चॅनेल शून्यावर आणला, तर आवाज लख्ख येतो.

पण लॅपटॉप पुन्हा सुरू केला की दोन्ही चॅनेल परत सारखे! हे सेटिंग कायमचं कसं टिकवायचं? कुणी केलं असेल तर कोणत्या फाइलमध्ये काय लिहायचं ते कृपया सविस्तर सांगा. रोजचे क्लास याच लॅपटॉपवर असतात, त्यामुळे फार अडलंय.