हलव्याच्या दागिन्यांचे माझे फोटो दुसरंच कोणी वापरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी घरी हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेचे आणि जावयाचे संक्रांतीचे सेट, शिवाय बोरन्हाणासाठी मुकुट, बासरी वगैरे. ऑर्डरी ओळखीतून आणि इन्स्टाग्रामवरून येतात.

परवा एका ताईंनी फोटो पाठवून विचारलं, "हाच सेट दुसरीकडे निम्म्या किमतीत मिळतोय, तुमचा एवढा महाग का?" फोटो माझाच होता. खाली अंथरलेल्या काळ्या कापडाचा एक काठ उसवलाय तोही दिसतोय, मागे आमच्या पितळी परातीची कड आहे. कोपऱ्यात माझं नाव होतं, तेवढा भाग कापून तिथे त्यांचा नंबर टाकलाय. त्यांचं पेज उघडलं तर बाजूबंद, नथ, बाळाचा मुकुट, बरेच फोटो माझेच!

काटेरी हलवा करणं किती चिकाटीचं काम आहे हे केलेल्यालाच कळतं. मंद आचेवर परात, साबुदाण्यावर चमचा चमचा पाक आणि हात सतत फिरता. हवा दमट असली की काटा धरतच नाही. असा हलवा करून, ओवून केलेल्या सेटचा फोटो दाखवून ही मंडळी ऑर्डरी घेताहेत. प्रत्यक्षात काय पाठवतात कोण जाणे. मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत एकदाच येते हो, त्या दिवशी हातात भलतंच काही पडलं तर तिने करायचं काय? मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतोय.

मी त्यांना मेसेज केला. "नेटवरचा फोटो सगळ्यांचा असतो" एवढं लिहून त्यांनी मला ब्लॉक केलं.

कॉपीराइटची नोंदणी मी केलेली नाही. तरी तक्रार करता येईल का? आणि वकिलाची नोटीस आत्ताच पाठवावी का? संक्रांत तोंडावर आली आहे, ऑर्डरी याच दिवसांत येतात.

प्रतिसाद :
ताई, नेटवरचा फोटो सगळ्यांचा असतो हे साफ चूक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो ही कलाकृती आहे आणि फोटो काढला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र फोटो तुम्हीच काढलेत ना? घरातल्या दुसऱ्या कोणी काढला असेल तर हक्क त्यांचा, तक्रारही त्यांच्या नावाने करा.

आधी पुरावा गोळा करा. प्रत्येक पोस्टची लिंक, तारखेसह स्क्रीनशॉट आणि मोबाइलमधली मूळ फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत नको, तिच्यातली तारखेची माहिती गळून जाते. मग 'स्पॅम' नाही, तर इन्स्टाग्रामचा कॉपीराइटचा वेगळा फॉर्म भरा. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळू शकतो, म्हणून धंद्याचा ईमेल द्या. कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ ही वाचून ठेवा. लेखी तक्रार पटली तर कंपनीने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. पुढे २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू होऊ शकतो. त्यामुळे वकिलाशी आत्ताच बोलून ठेवा, नोटीस मात्र फोटो उतरल्यावर पाठवली तरी चालेल.

डिझाइनवरून भांडू नका. तन्मणी, बाजूबंद हे पारंपरिक घाट आहेत, ते कुणीही करू शकतं. फोटोवर ठाम राहा.

धागाकर्तीचं उत्तर :
मनापासून आभार. फोटो मीच काढलेत, मूळ फाइली आहेत. फॉर्म आजच भरते. एकच राहिलं, हेच फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या महिला मंडळांच्या ग्रुपवरही टाकलेत. ते कसे काढायला लावायचे? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.