मदत हवी आहे: सायकल संपता संपता पोट संपावर जातं (पूर्ण अंतराची ट्रायथलॉन)

दमसास:

नमस्कार मंडळी. पोहण्याची भीती, सायकलची निवड, गुडघे यांवर जुन्या धाग्यांत भरपूर लिहून झालंय, म्हणून तिकडे वळत नाही. माझा प्रश्न पोटाचा आहे आणि जरा किळसवाणा आहे. जेवता जेवता वाचू नये.

नुकतीच पूर्ण अंतराची स्पर्धा केली. ३.८ किमी समुद्रात पोहणं, १८० किमी सायकल, मग ४२.२ किमी धाव. अर्ध्या अंतराच्या स्पर्धा (१.९, ९०, २१.१) आधी झाल्या आहेत, त्यांत पोटाने कधी कुरकुर केली नव्हती. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, वजन ५८ किलो, नोकरी आणि घर सांभाळून सराव. बक्षिसाची हाव नाही. धावायच्या भागात धावता यावं, इतकंच मागणं आहे.

वेळा अशा: पोहणं १:२५, सायकल ६:५०, धाव ६:०५. दोन्ही ट्रान्झिशन (पोहण्यातून सायकल, सायकलवरून धाव हे बदल) धरून १४ तास ३८ मिनिटं. मर्यादा १७ तासांची, त्यामुळे कट-ऑफची धाकधूक नव्हती. पण धाव मी पावणेपाच तासांची धरली होती, आणि सरावातल्या लांब धावा पाहता ती हवेतली गोष्ट नव्हती.

पोहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वळणाच्या बोयापाशी नेहमीची लाथाळी, परतीला लाटा समोरून, थोडं खारं पाणी पोटात. पाणी गरम असल्यामुळे वेटसूटला परवानगी नव्हती.

सायकलवर पहिले ६० किमी मस्त गेले. माझा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारा जास्तीत जास्त जोर) १९० वॅट, बेत १३० च्या आसपास राहायचा. घड्याळ सांगतंय की पहिल्या ६० किमीची सरासरी १४८ आहे आणि हार्ट रेट सरावापेक्षा आठ-दहाने वर. पाय मात्र इतके हलके होते की जोर लावतेय असं जाणवलंही नाही. पुढे वारा फिरला, ऊन चढलं, पारा ३५ वर गेला आणि शेवटच्या टप्प्यात सरासरी १२४ वर आली.

खाण्याची व्यवस्था: दोन बाटल्या, प्रत्येकीत साडेतीन तासांचं कार्ब पावडरचं घट्ट द्रावण (७५० मिलि पाण्यात २१० ग्रॅम). म्हणजे तासाला ६०. शिवाय तासाला एक जेल (पाकिटातली घट्ट, गोड पेस्ट), २५ ग्रॅम कार्बचं. एकूण ८५. वर एड स्टेशनवरून (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांवरून) पाणी. अर्ध्या वाटेनंतर साध्या पाण्याचा कंटाळा आला, तेव्हा त्यांचं आयसोटॉनिक पेय घेत गेले, तासाला एक बाटली, ६०० मिलिची.

११० किमीला जेलच्या वासानेच नको झालं. १४० ला ढेकर सुरू, पोट टम्म, एरोबारवर (हँडलच्या पुढच्या दांड्यांवर) वाकणं अशक्य. टी-टूमध्ये (सायकल ठेवून धावायला निघताना) बूट बांधायला खाली वाकले तर सगळं वर येईल असं वाटलं. पहिले आठ किमी धावले, पोटात पाणी डचमळत होतं. मग एका एड स्टेशनच्या मागे जे व्हायचं ते झालं. वीस मिनिटं हलकं वाटलं, पुन्हा जेल तोंडात घातलं आणि पुन्हा तेच. पुढे बर्फ, कोल्याचे घोट आणि चालणं. शेवटचे दहा-बारा किमी एका अनोळखी बाईंच्या सोबतीने काढले. त्यांचा डावा पाय गेला होता, माझं पोट. दोघी मिळून एक धड स्पर्धक झाला असता.

कोच नाही. ओळखीतल्यांची उत्तरं तीन प्रकारची: मीठ कमी पडलं, जेलचा ब्रँड बदल, तुझं पोटच नाजूक. पहिल्या दोन्हींवर पैसे घालवण्याआधी इथे विचारते. नेमकं काय चुकतंय? जेल सोडून घन पदार्थांकडे वळू का? आणि शर्यतीत पोट एकदा बंद पडलं की ते परत सुरू करायची काही रीत आहे का, की नशिबावर सोडायचं? आगाऊ आभार.

रात्रपाळी:

ताई, अभिनंदन आधी. १४:३८ आणि तेही उलट्या करत, कमी नाही.

स्पर्धांच्या वैद्यकीय तंबूत अधूनमधून काम करतो, म्हणून आधी चार प्रश्न. स्पर्धेआधी आणि नंतर वजन केलं होतंत का? बोटं, अंगठी, घड्याळाचा पट्टा घट्ट झाला होता का? डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं? आणि वाटेत आयबुप्रोफेन वगैरे वेदनाशामक गोळी?

कारण सांगतो. उलटी झाली की लोक ‘मीठ कमी’ म्हणून मोकळे होतात. रक्तातलं सोडियम खरोखर घसरतं (लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली) तेव्हा बहुतेक वेळा कारण मीठ न खाणं हे नसतं, गरजेपेक्षा जास्त पिणं हे असतं. अशा माणसाचं वजन शर्यतीत वाढलेलं असतं किंवा फारसं घटलेलंच नसतं. त्याला ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणत राहिलं तर जिवावर बेतू शकतं. आणि वेदनाशामक गोळ्या शर्यतीत घेऊच नयेत. मूत्रपिंडावर ताण येतो, पोटाचं अस्तर दुखावतं आणि सोडियमचा घोळ वाढतो.

दमसास:

धन्यवाद डॉक्टर. वजन दीड किलो कमी भरलं. अंगठी सैल होती. डोकं ठिकाणावर होतं, फक्त वैतागलेलं. गोळी नाही घेतली.

रात्रपाळी:

मग पाणी जास्त झाल्याचं लक्षण नाही. ५८ किलोला दीड किलो म्हणजे अडीच टक्के, एवढ्या लांबीच्या स्पर्धेत चालण्यासारखं. मीठाच्या कॅप्सूल विकत घ्यायची घाई नको. उलटीत रक्त, काळी शी किंवा दुसऱ्या दिवशीही काही न टिकणं यातलं काही झालं असतं तर धागा नाही, दवाखाना गाठायला सांगितलं असतं. पुढचं सायकलवाल्यांनी सांगावं.

चाकोरीबाहेर:

ताई, तुमचा हिशेब ८५ चा, पोटात गेले १२० च्या वर.

आयसोटॉनिक पेय साधारण सहा टक्क्यांचं असतं. ६०० मिलि म्हणजे ३६ ग्रॅम. ८५ अधिक ३६, झाले १२१. हा एक भाग. दुसरा भाग त्याहून वाईट आहे. तुमची बाटली २८ टक्क्यांची आहे, म्हणजे जवळजवळ पाक. त्यात चूक काही नाही, मीही तसंच नेतो, पण तो पोटात गेल्यावर पातळ करायला साधं पाणी लागतं. ८५ ग्रॅम आठ टक्क्यांवर आणायचे तर तासाला लिटरभर पाणी हवं. तुम्ही नेमकं तेच पाणी बंद केलंत आणि जागी आणखी साखर घातलीत. बाटलीतलं दोनशेएक मिलि आणि हे सहाशे धरले तर मिश्रण पंधरा टक्क्यांचं होतं. इतकं घट्ट काही जठरातून लवकर पुढे सरकत नाही, उलट आतडं शरीरातलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं. डचमळणं, ढेकर, टम्म पोट, सगळं याच्याशी जुळतं.

पावडर कुठली आहे हेही बघा. आतड्यात ग्लुकोजसाठी एक दरवाजा आहे, त्यातून तासाला साठेक ग्रॅम जातात. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा. म्हणून ६० च्या वर जायचं तर दोन्ही असलेली पावडर लागते, २:१ किंवा १:०.८ अशा प्रमाणात. नुसत्या माल्टोडेक्स्ट्रिनवर (तेही शेवटी ग्लुकोजच) ९० गाठायला गेलात तर उरलेलं पोटातच बसून राहणार.

सरावात तासाला किती घेत होता?

दमसास:

पन्नास ते साठ. लांब राइड पहाटे असते, ऊन नसतं, आणि तीन-चार तासांनंतर घरीच येऊन जेवते. पावडरच्या डब्यावर फक्त माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलंय. डबा बाजूला ठेवला आत्ताच.

तळ्यातमळ्यात:

चाकोरीबाहेर यांच्या गणिताशी सहमत, पण क्रम उलटा लावेन. आधी वॅट, मग ग्रॅम.

१९० पैकी १४८ म्हणजे ७८ टक्के. पूर्ण अंतराला आपल्यासारख्या हौशी लोकांनी ६५ ते ७२ च्या दरम्यान राहावं, आणि सायकलला सात तास लागणार असतील तर खालच्या टोकाला. जोर वाढला की रक्त पायांकडे वळतं, आतड्यांचा वाटा निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. त्यात ३५ अंश, म्हणजे त्वचेलाही रक्त हवं. पचनाला उरलं काय? पहिल्या दोन तासांत जे प्यायलात तेच ११० किमीपर्यंत पोटात रेंगाळत असणार, त्यावर नवीन भर. पाय हलके वाटणं हा पुरावा नव्हे. स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर सगळ्यांचेच हलके वाटतात. हार्ट रेट मात्र खरं बोलत होता.

त्यामुळे १२१ ग्रॅम हे एकमेव कारण मानू नका. हेच प्रमाण १२५ वॅटवर आणि १८ अंशांत कदाचित खपून गेलं असतं. उलट ६० ग्रॅमवर येऊनही पुन्हा १४८ ने सुरुवात केलीत तर पुन्हा एड स्टेशनच्या मागेच जाल.

घन पदार्थ: पहिल्या दोन-अडीच तासांत जमतात, जीभही कंटाळत नाही. त्यापुढे नको. स्निग्ध आणि तंतुमय काहीही जठरात जास्त वेळ थांबतं.

मंदगती:

खाण्यापिण्याच्या बाबतीत या खेळाचा पायाच डळमळीत आहे हो. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन (याच पूर्ण अंतराची ट्रायथलॉन) झाली, १५ जण उतरले, १२ पूर्ण करू शकले. धावताना जॉन डनबरच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं, तर त्यांनी त्याला बिअर पाजली. बुवा तरीही दुसरा आला. अनुकरण करू नये, डॉक्टर बघतायत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पोट बंद पडलं की सगळे करतात ते म्हणजे ‘ऊर्जा कमी पडेल’ या भीतीने आणखी एक जेल. ते करायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं चालायचं, खरोखर चालायचं, हार्ट रेट खाली येईपर्यंत. खाणं पूर्ण बंद. बर्फ मानेवर, टोपीत, मनगटांवर. साध्या पाण्याचा एकेक घोट. ढेकर येऊन पोट सैल झालं की कोला, अर्धा कप. शंभर मिलिमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. दर दोन किमीला एड स्टेशन आणि तुमचा वेग किमीला आठ-नऊ मिनिटांचा, म्हणजे तासाला तीन-साडेतीन वेळा. तीस-पस्तीस ग्रॅम झाले की. त्यावर मॅरेथॉन होते, देखणी नाही पण होते. उलटी झाल्यावर जे वीस मिनिटं हलकं वाटलं तेव्हाच हे करायचं होतं, जेल नव्हे.

दुसरं, प्रत्येक एड स्टेशन पहिल्या किमीपासून चालत पार करा. नाइलाज म्हणून चालणं आणि ठरवून चालणं यांत वेळेचा फरक प्रचंड पडतो.

दमसास:

सगळ्यांचे मनापासून आभार. घड्याळातली फाइल परत उघडून बसले होते. तळ्यातमळ्यात म्हणतात ते बरोबर निघालं: हार्ट रेट पहिल्या अर्ध्या तासातच चढला होता आणि एकदाही खाली आला नाही. बाटलीचं गणित तर मी कागदावर कधी मांडलंच नव्हतं.

ठरवलंय असं: ग्लुकोज-फ्रुक्टोजची पावडर, ६० पासून सुरुवात, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दहाने वाढवत ७५-८० पर्यंत बघायचं, ९० चा हट्ट नाही. महिन्यातून दोन राइड मुद्दाम उन्हात, स्पर्धेच्याच वॅटवर, मागोमाग अर्धा तास धाव. सायकलवर १२५, पहिल्या तासात १२० च्या वर गेले तर घड्याळाने ओरडायचं.

एक शंका राहिली. पाक आणि साधं पाणी दोन्ही वेगवेगळं न्यायचं तर बाटल्या कुठे आणि कशा? चालत्या सायकलवर कुठली उचलली याचं भान सहाव्या तासाला राहत नाही.

चाकोरीबाहेर:

एरोबारच्या मधल्या बाटलीत फक्त साधं पाणी. नळी तोंडासमोर असते, आपोआप जास्त प्यायलं जातं. एड स्टेशनवरून घेतलेलं पाणी त्यातच ओतायचं, पेय असेल तर हात पुढे करायचा नाही. पाक फ्रेमवरच्या बाटलीत, तिच्यावर चिकटपट्टीच्या तासागणिक आडव्या रेघा. रेघेच्या खाली गेलात तर पुढच्या तासापर्यंत हात लावायचा नाही. आणि दर घोटामागे मधल्या नळीतून तीन-चार घोट.

तासाला किती पाणी लागतं ते अंदाजाने ठरवू नका. उन्हातल्या एका तासाच्या राइडआधी आणि नंतर कपड्यांशिवाय वजन करा, घटलेल्या वजनात प्यायलेलं पाणी मिळवा, तो तुमचा तासाचा घाम. तो पूर्ण भरून काढायचा नसतो, पण ८० ग्रॅम पातळ करण्याइतकं पाणी त्यात बसतं का ते कळेल. बसत नसेल तर ग्रॅम कमी करा, पाणी वाढवू नका.

मंदगती:

दुसरी पाकाची बाटली सुरुवातीपासून वाहू नका. मध्यावर स्पेशल नीड्स बॅग (आधी भरून दिलेली स्वतःची पिशवी) मिळत असेल तर तिच्यात टाका, आदल्या रात्री गोठवून. तिथे पोहोचेपर्यंत गार राहते आणि उन्हात गार असलं की घशाखाली उतरतं. फक्त महागडी बाटली ठेवू नका, त्या बॅगा बऱ्याच ठिकाणी परत देत नाहीत.